कॅरटवर तोललेली काडतुसं

सुरतेत दहा वर्षं काढलेल्या माणसाकडून लोकांना साड्यांच्या गमती ऐकायच्या असतात, फार तर हिऱ्यांच्या. माझ्याकडं आहेत काडतुसांच्या! मी तिथं एका मराठी शाळेत सातवीला गणित शिकवायचो. बंदूक कधी हातात धरली नाही. दिवाळीत लवंगी फटाकासुद्धा लांब उदबत्तीनं लावणारा माणूस मी. त्यामुळं "मास्तर आणि काडतुसं?" असं कुणी विचारलं की मी एक किस्सा सांगतो, त्यातून दुसरा निघतो, आणि चहा गार होईपर्यंत पाच-सहा होतात. लोक हसतात, मीही हसतो. पण त्या ढिगाच्या तळाशी एक किस्सा आहे, तो सांगायची मी कायम टाळाटाळ केली. आज सांगतो. आधी वरचे मात्र ऐकून घ्या, नाहीतर तो कळायचा नाही.

* * *

मी सुरतेच्या पर्वत पाटिया भागात आबा गिरासेंच्या माळ्यावर भाड्यानं राहायचो. बायको कराडला नोकरीत, मी इथं एकटा. आबा मूळचे शिरपूरकडचे. तरुणपणी मिलमध्ये विव्हिंग मास्तर म्हणून सुरतेला आले आणि इथलेच झाले. घरामागच्या शेडमध्ये त्यांचे आठ पॉवरलूम होते.

आबांकडं वडिलांची एक विलायती रायफल होती. मध्यम बोअरची, एके काळी सातपुड्यात शिकारीला जायची ती. शिकार केव्हाच बंद झाली, कायद्यानंही आणि आबांच्या मनातूनही. पण घराण्याचा एक रिवाज तेवढा राहिला होता. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की सूर्य मावळायच्या आत त्या रायफलीचा एक बार व्हायलाच हवा. वडील गेले त्या वर्षीही झाला होता. सुरतेत आल्यावर आबा कामरेजच्या पुढं एका रायफल क्लबच्या रेंजवर जायचे, मातीच्या बांधात एक गोळी मारायचे आणि घरी येऊन आपट्याची पानं वाटायचे.

पंचाईत एकच. त्या बोअरची विलायती काडतुसं यायची बंद झाली होती. मग आबा जुन्या रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवायचे आणि घरीच पुन्हा भरायचे. परवाना आबांचा, पावडर आणि ती पेटवणाऱ्या टोप्या त्या परवान्यावरच्याच.

एका रविवारी सकाळी आबा एक जीर्ण इंग्रजी पुस्तिका घेऊन माळ्यावर आले. कुठली पावडर किती घालायची, त्याचे तक्ते होते तिच्यात, सगळे ग्रेनमध्ये.

"मास्तर, हाई ग्रेन म्हंजे कितलं?"

मी वर्गात सांगतो तसं सांगितलं, "पूर्वी धान्याच्या एका दाण्याचं वजन धरायचे, आबा."

आबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "कोनता दाणा? लोकवन का बन्सी?"

त्या दिवसापासून काडतुसांचं गणित माझ्याकडं आलं.

* * *

इतकं बारीक वजन करायला काटा कुठला आणायचा? किराणावाल्याच्या काट्याला एवढी पावडर पडलेली कळणारही नाही. तेव्हा आबांनी कतारगामहून, सुरतेच्या हिरेवाल्यांच्या भागातून, आपले दोस्त कांतिभाई यांना बोलावलं.

कांतिभाईंचा हिरे घासायचा कारखाना होता, हाताखाली चाळीस माणसं. शिक्षण चौथीपर्यंत. कांदा-लसूण खायचे नाहीत, मुंग्यांना सकाळी साखर घालायचे. त्यांच्याकडं वडिलांचा एक काटा होता, काचेच्या पेटीतला, कॅरटच्या शंभराव्या भागापर्यंत खरा. कतारगामात दोन व्यापाऱ्यांचा वजनावरून वाद झाला तर दोघंही मुकाट्यानं कांतिभाईंच्या दारात येत. कांतिभाई सांगतील ते वजन. त्याच्यावर अपील नाही!

तर हा माणूस दर रविवारी ती पेटी मांडीवर घेऊन रिक्षानं यायचा आणि आमची पावडर तोलायचा. काम असं चाले: पुस्तिकेतले ग्रेन मी कॅरटमध्ये बदलून चिठ्ठीवर आकडा लिहायचा. एका कॅरटात तीन ग्रेनहून थोडे जास्त बसतात. कांतिभाई चिमट्यानं एकेक कण टाकत तो आकडा पुरा करायचे आणि प्रत्येक वजन हिऱ्यासारखं कागदाच्या पुडीत घडी घालून ठेवायचे. वर पेन्सिलीनं वजन. त्याला ते पडीकं म्हणायचे. आमचे मिस्त्री एकदा ते पडीकं हातात घेऊन म्हणाले, "आबा, हाई बंदुकमां घालानं का अंगठीमां बसाडानं?"

मी एकदा कांतिभाईंना छेडलं. "मुंगीला साखर घालता आणि बंदुकीत दारू भरता?"

ते काट्यावरची नजर न काढता म्हणाले, "बंदूक आबानी, गोळी मिस्त्रीनी, गणतरी तमारी. मारुं तो फक्त वजन छे, मास्तर. वजनमां शुं पाप?"

* * *

ते मिस्त्री म्हणजे सुकदेव मिस्त्री, अमळनेरकडचे. आबांचे माग दुरुस्त करणारे. गोळी ओतणं आणि काडतूस दाबून बसवणं हे त्यांचं खातं. त्यासाठी त्यांनी मोडक्या मागाच्या दांड्यापासून एक दाबयंत्र बनवलं होतं. ते ओढलं की शेडमधला माग चालू झाल्यासारखा आवाज यायचा.

गोळीसाठी शिसं लागायचं. त्या काळात छोटे छापखाने एकामागून एक बंद पडत होते, ऑफसेट आलं होतं. मिस्त्रींनी असल्याच एका छापखान्यातून शिशाच्या अक्षरखिळ्यांचं पोतं आणलं. लग्नपत्रिका छापायचे ते, मराठी आणि गुजराती दोन्ही. मिस्त्रींनी अंगणात शेगडी पेटवली आणि ओंजळीनं अक्षरं कढईत टाकायला सुरुवात केली.

मी शेगडीजवळ गेलो. आयुष्यभर फळ्यावर लिहिली ती अक्षरं. मी वाकून बघितलं तर वर एक 'श्री' तरंगत होता, बघता बघता तोही वितळला. मी म्हणालो, "मिस्त्री, निदान श्री तरी काढून ठेवायचा!"

मिस्त्री कढई ढवळत म्हणाले, "मास्तर, पयली गोळी श्रीगनेशानीच ऱ्हास ना!"

त्या दसऱ्याला बार झाला. आबांनी बांधातल्या मातीतलं भोक मला बोटानं दाखवलं. "ते दखा मास्तर, तुमनी बाराखडी कोठे गयी!"

* * *

पुंगळ्या किती दिवस टिकणार? दोन-चारदा भरली की पुंगळीची मान चिरते आणि ती बाद होते. वर्षाला एकच बार, पण आबा आधी दोन-तीन मारून खात्री करून घ्यायचे. होता होता चांगल्या पुंगळ्या अकरावर आल्या.

पुंगळ्या घासायचं काम आमच्या काकूंकडं, म्हणजे आबांच्या पत्नीकडं. देवाच्या समयांबरोबर त्या पुंगळ्याही चिंचेनं घासायच्या आणि लख्ख करून उन्हात उभ्या करायच्या. एकदा आबांना दहाच मिळाल्या. सगळं घर शोधलं, मिस्त्रींनी माग हलवून खाली पाहिलं, मी माळा झाडला. अखेर अकरावी सापडली देव्हाऱ्यात. काकूंनी तिच्यात कुंकू भरून ठेवलं होतं. "काय गोड माप शे!" असं त्यांचं म्हणणं.

आबा हात पुढं करून म्हणाले, "ते कुंकू काढी टाक आनि माले दे."

काकू हातातलं काम टाकून उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चार मानसंसमोर पुन्हा म्हना एकदाव. मना कुंकूले काय करू?"

आबांनी पुढं केलेला हात तसाच मागं घेतला. ती पुंगळी देव्हाऱ्यातच राहिली, आणि आम्ही दहावर भागवलं.

* * *

निवडणूक आली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. नव्वदच्या त्या दशकात निवडणुका किती झाल्या, आठवतंय ना? विधानसभा, लोकसभा, पालिका, पुन्हा लोकसभा! आबा दर वेळी रायफल धोतरात गुंडाळून जमा करायचे, पावती घ्यायचे, आणि निकाल लागले की आणायला जायचे.

एकदा मी सोबत होतो. रायफल ठाण्यातल्या मालखान्याच्या कोपऱ्यात देवाच्या तसबिरीखाली उभी होती आणि नळीच्या तोंडात तीन उदबत्त्या जळत होत्या. आबांचा चेहरा लालबुंद! "हवालदारसाहेब, ही काय उदबत्तीनं घर शे?"

हवालदार बिचारा साधा माणूस. हात जोडून म्हणाला, "दादा, तमे ज कह्युं हतुं ने, पूजानी वस्तु छे? तो में पूजामां ज राखी!"

आबांनी तिन्ही उदबत्त्या उपटून त्याच्या हातात दिल्या. बाहेर आल्यावर मात्र माझ्यावर उखडले. "दिल्लीमां सरकार पडनं की मनी रायफल आतमां. ठाणामां ऱ्हास येवढी तं ती मना बापनाजोडे बी ऱ्हायनी नही!"

* * *

हे झाले हसायचे. आता तो.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं मिळेल त्या गाडीनं शहर सोडत होती. शाळा बंद झाल्या. मी कराड गाठलं, मिस्त्री अमळनेरला गेले. आबा हलले नाहीत. कांतिभाईंचे कारागीर काठियावाडात निघून गेले, पण ते स्वतः कुलूप लावलेल्या कारखान्यात एकटेच राहिले. ते दोघं म्हातारे मात्र रविवार चुकवत नव्हते. तोंडाला रुमाल, मध्ये काटा आणि गप्पा.

त्या वर्षी पावडर नवी होती, जुनी संपली होती. म्हणजे तक्ता नवा, आकडे नवे. कांतिभाईंना वाटलं, मास्तर दमून येतील, दसरा तोंडावर आलाय, आपण तेवढं काम हलकं करून ठेवावं. म्हणून चौथी शिकलेल्या त्या माणसानं दोन रविवार खपून सगळा तक्ता ग्रेनवरून कॅरटमध्ये बदलला आणि आमच्या काडतुसांच्या हिशोबाच्या वहीत कोऱ्या पानावर सुवाच्य आकड्यांत उतरवला.

मी दसऱ्याच्या आदल्या सकाळी परतलो. मिस्त्रीही अमळनेरहून आले होते, कांतिभाई काटा मांडून बसले होते. वही उघडली. मला वाटलं, कांतिभाईंनी पुस्तिकेतले ग्रेनचे आकडे उतरवून ठेवलेत. पानाच्या कोपऱ्यात त्यांनी गुजरातीत बारीक अक्षरात 'कॅरेट' लिहिलं होतं. मला गुजराती वाचता येतं. मी वाचलं नाही. जे आकडे आधीच कॅरटचे होते ते मी पुन्हा कॅरट करायला भागले, आणि चिठ्ठी कांतिभाईंच्या हातात दिली.

चिठ्ठी बघून ते थबकले. "मास्तर, आ बहु ओछुं नथी लागतुं?" फार कमी वाटत नाही का, असं विचारत होता तो माणूस.

आणि मी काय म्हणालो? मोठ्या ऐटीत म्हणालो, "कांतिभाई, गणित माझं, काटा तुमचा! ज्यानं त्यानं आपापलं बघावं!"

मिस्त्री हसले. कांतिभाईही हसले. आपण बदललेल्या आकड्यांतली चूक मास्तरांनी सुधारली, असं समजून त्यांनी तेवढंच वजन तोललं. पावडर एक तृतीयांशसुद्धा पडली नाही. असली तीन काडतुसं तयार झाली. नवी पावडर आदल्या दिवशी मारून बघायची आबांची पद्धत होती, पण त्या गडबडीत वेळ नव्हता, आणि मीच म्हणालो होतो, "आकडा पक्का आहे, आबा."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं रेंजवर गेलो, आबांनी फेटा बांधला होता. रायफलीचा झेंडूचा हार उतरवून मिस्त्रींच्या गळ्यात घातला, नेम धरला आणि घोडा ओढला. बार झालाच नाही. नुसतं 'फट्' झालं. बांधावर धूळ उडाली नाही. आबांना वाटलं, काडतूस फुसकं निघालं. त्यांनी बोल्ट ओढून पुंगळी काढली आणि दुसरं काडतूस आत सरकवायला घेतलं.

मिस्त्रींनी झडप घालून त्यांचा हात धरला. "आबा, थांबा! गोळी भाईर उनीच नही!"

मागून डोळा लावून पाहिलं तर नळी काळीकुट्ट. गोळी अर्ध्यात अडकली होती. आबांनी ते दुसरं काडतूस मारलं असतं तर नळी त्यांच्या तोंडापाशी फुटली असती. आजही कधी भात कालवता कालवता मला ते आठवतं आणि मी ताट बाजूला सारतो.

आबा मातीत खाली बसले. रायफल मांडीवर. सूर्य कलायला लागला होता आणि नळी साफ करायला दोन दिवस लागणार होते. "बाप गया तव्हय बी चुकनं नही," ते म्हणाले, आणि मग वर बघून, "काय चुकनं?"

मला त्या क्षणी वहीचं पान दिसलं, कोपऱ्यातला शब्द दिसला. मला सगळं कळलं. मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण माझ्या आधी कांतिभाई बोलले.

"आबा, मारो कांटो खोटो हशे."

माझा काटा खोटा असेल. असं म्हणून त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि लगेच दुसरीकडं पाहिलं.

आणि मी उघडलेलं तोंड मिटलं.

* * *

कांतिभाई रविवारचे यायचे बंद झाले. मला वाटलं, लाज वाटली असेल त्यांना. असं वाटून घेणं माझ्या सोयीचं होतं.

मिस्त्रींच्या मनात पाप नव्हतं, पण त्यांना किस्से सांगायची खोड. "हिरावालाना काटा खोटा!" हे त्यांनी चहाच्या टपरीवर सांगितलं, तिथून ते कतारगामात पोचलं. वाद घेऊन येणारे व्यापारी दुसऱ्या दारात जायला लागले. ज्या माणसानं स्वतःच्या तोंडानं काटा खोटा म्हटलं, त्याच्या काट्यावर कोण वजन करील? कांतिभाईंनी ती काचेची पेटी कपाटात ठेवून दिल्याचं मला एका पालकाकडून कळलं. त्या दिवशी मी वर्गात भागाकार शिकवत होतो. खडू खाली ठेवला आणि पोरांना वाचत बसायला सांगितलं.

एकदा कतारगामपर्यंत गेलोही होतो. खिडकीतून ते दिसले, भिंग डोळ्याला लावून बसलेले. मी पानाच्या गादीपाशी पाच मिनिटं उभा राहिलो आणि परत आलो. पुढच्या रविवारी नक्की, असं स्वतःला बजावलं. असे पाच वर्षांचे रविवार गेले!

पुढचे दसरे मी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावर काढले. एकेक आकडा तीन-तीनदा तपासायचा. बार व्यवस्थित व्हायचे. आबा शाबासकी द्यायचे आणि मला ती घेववायची नाही.

* * *

नव्याण्णव साली आबांच्या छातीच्या दुखण्यानं उचल खाल्ली. डॉक्टरांनी जिने चढायचं बंद केलं, मग चालायचं. दसऱ्याला आठ दिवस होते. मी खाटेशी बसलो होतो, काकू आत होत्या.

आबा म्हणाले, "औंदा मना हातना शेवटना बार शे, मास्तर. कांतिभाईना हातनं वजन जोयजे."

मग मात्र मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आबा, तो काटा खोटा नव्हता. गणित माझं चुकलं होतं. त्यांनी बदललेले आकडे मी पुन्हा बदलले."

आबा छताकडं बघत होते. "माले माहीत शे."

"केव्हापासून?"

"तव्हयपासूनच. कांतिभाईना काटा आनि खोटा? मी दुसराच दिवस वही लई कतारगामले गऊ, इचारं.  त्यासनी वहीनं पान दखाडं फक्त."

"मग ते यायचे का थांबले, आबा?"

आबा धाप लागत, थांबत थांबत बोलले. "कांतिभाई म्हनेत, मी समोर बसनू ते मास्तर मान वर कराव नही. एकटा मानूस शे, रविवारनं येनं सोडी दी, मंग कोठे जाई? मास्तर सोताथून सांगतीन, मंग मी ईसू." पुढं म्हणाले, "त्या येवानं बंद झायात नही, मास्तर. त्या तुमनी वाट पाही राह्यनात."

मी खाली मान घालून रडलो. आबांनी रडू दिलं, आणि मग म्हणाले, "आते आठे काय बठनात? जा!"

मी तसाच उठून रिक्षा केली. रविवारची सकाळ होती, कारखाना बंद. कांतिभाई आत एकटेच टेबलाशी बसले होते. पुढं चहाची किटली, दोन कप. केस पार पांढरे झाले होते. मला दारात बघून त्यांनी नुसती मान हलवली आणि समोरच्या खुर्चीकडं डोळ्यांनी खूण केली. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. वहीचं पान, न वाचलेला शब्द, माझी ती ऐट, रेंजवर मिटलेलं तोंड, पानाच्या गादीवरून मागं फिरलो तेसुद्धा. काही ठेवलं नाही. आणि शेवटी म्हणालो, "कांतिभाई, आबांचा हा शेवटचा दसरा. तुमच्या हातानं तोललेलं काडतूसच भरीन म्हणतात. चला. काटा काढा."

कांतिभाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. खरंच सांगतो, आनंद होता. मग टेबलाखाली मांडीवर ठेवलेला, चिमटा धरायचा उजवा हात त्यांनी सावकाश वर आणला आणि टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. त्यांनी डाव्या हातानं तो दाबून धरला, तरी थांबेना. कपातला चमचा वाजायला लागला.

ते माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "चा तमे ज काढो, मास्तर."